मधुमेहाचं नवं निदान आणि शिक्षणवर्ग: तुम्हाला तिथे काय मिळालं?

मधुमेह निघाला की गोळ्या सुरू होतात, पथ्याचा कागद हातात पडतो आणि जाता जाता डॉक्टर सुचवतात, "एक शिक्षणवर्ग असतो, तो करून या." पुष्कळ जण जात नाहीत. कुणाला वेळ नसतो, कुणाला वाटतं तिथे बोलणी खावी लागतील. म्हणून हा धागा. जे जाऊन आले त्यांनी मोकळेपणाने लिहा. फक्त औषधांचे डोस एकमेकांना सुचवू नका, ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

सुरुवात मीच करते. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते एचबीएवनसी या रक्ततपासणीबद्दलचं बोलणं. ६.५ टक्के किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह, एवढंच अहवालावरून कळलं होतं. वर्गात नीट उलगडून सांगितलं. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते, या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. तपासणीच्या तोंडावर चार दिवस गोड सोडून तो फारसा हलत नाही. आणि एखाद्या दिवशी जेवण जास्त झालं म्हणून आधीचं सगळं वाया जातं, असंही नाही. हे दुसरं ऐकून मला केवढा धीर आला!

*

माझा प्रश्न सकाळच्या साखरेचा होता. रात्री जेवणानंतर काहीही न खाता सकाळी उपाशीपोटी आकडा झोपतानापेक्षा जास्त यायचा. घरात सगळे विचारायचे, रात्री उठून काय खाल्लंस? रडू यायचं अगदी. वर्गात हाच प्रश्न माझ्या शेजारच्या बाईंनी विचारला आणि मी कान टवकारले. वर्ग घेणाऱ्या ताईंनी फळ्यावर यकृताचं चित्र काढलं. पहाटे शरीरातली काही संप्रेरकं वाढतात, त्यांच्या इशाऱ्यावर यकृत स्वतःच रक्तात साखर सोडतं. ते सगळ्यांचंच होतं, पण आपलं इन्सुलिन ती साखर आवरायला कमी पडतं. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः या यकृतालाच लगाम घालते, हेही तेव्हा कळलं. गोळी कशासाठी घेतो ते कळल्यावर ती घेणं जड वाटत नाही. पुढच्या सत्राला ह्यांना मुद्दाम सोबत नेलं.

*

मी आईबरोबर गेलो होतो. तिला गोळ्यांबरोबर इन्सुलिनही सुरू झालं होतं, त्यामुळे साखर एकदम उतरण्याची धास्ती होती. वर्गात त्याचा सरावच करून घेतला. घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड अशी लक्षणं दिसली की लगेच साखर मोजायच्या मीटरवर बघायचं. ७० (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेच. चॉकलेट नको, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट वैद्यकीय मदत बोलवायची. हे शेवटचं घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आणि एक बारीकशी गोष्ट: बोट टोचण्याआधी हात धुवायचे. फळ कापलेल्या हाताने तपासलं तर खोटा जास्त आकडा येतो.

*

माझी गोष्ट जरा वेगळी. मी सडपातळ, घरात कुणाला मधुमेह नाही, तरी नेहमीचा टाइप २ मधुमेह समजून गोळ्या चालू होत्या. वजन उतरतच होतं आणि साखर काही ऐकत नव्हती. वर्गात प्रत्येकाला आपली हकीकत सांगायची होती. माझी ऐकून शिक्षिका थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना जीएडी अँटिबॉडीच्या तपासणीबद्दल विचारा." तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे माझा मधुमेह टाइप १ निघाला; त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि या अँटिबॉडी त्याची खूण असतात. टाइप १ कोणत्याही वयात होऊ शकतो, तो मोठेपणी हळूहळूही सुरू होतो. आता इन्सुलिनवर आहे आणि अंगात पुन्हा ताकद आली आहे. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. वर्गात लोकांना बोलू देणं किती महत्त्वाचं, ते यावरून कळावं.

*

मी गेलो तो पहिला वर्ग वाईट होता, तेही लिहितो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला, पायांच्या जखमांचे भयंकर फोटो दाखवले, प्रश्नांना वेळच दिला नाही. बरेच लोक मध्येच उठून गेले. भीतीने माणूस तपासणी टाळायला लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर दुसरीकडे छोट्या गटात गेलो. तिथे पायाची संवेदना शाबूत आहे का ते बघायला डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवला आणि स्पर्श कळतो का विचारलं. दहा ग्रॅम दाबाचा असतो तो. मला सगळीकडे कळला. मग रोज तळवे, बोटांच्या बेचक्या कशा बघायच्या, ते माझ्याच पायावर शिकवलं. फोटो एकही नाही. तेव्हापासून रोज बघतो.

*

माझा पहिला वर्ग पुढच्या आठवड्यात आहे. सोबत काय नेऊ? फार दडपण आलंय.

*

ताई, सगळे अहवाल, चालू गोळ्या आणि मीटर असेल तर मीटर न्या. स्वयंपाक घरात दुसरं कुणी करत असेल तर त्यांनाही न्या. प्रश्न कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी आठवत नाहीत. टाइप २ असेल तर डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी निदानाच्या वेळीच करायची असते, कारण साखर कित्येक वर्षं नकळत वाढलेली असू शकते. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं आणि मूत्रपिंडाच्या तपासणीचंही विचारून घ्या. डोळे तपासताना थेंब घालतात, मग काही तास धूसर दिसतं, त्या दिवशी गाडी चालवू नका. जाऊन आलात की इथे लिहा, आम्ही वाट बघतो.