'स्विचेबल फिल्टर'ला 'परिवर्तनीय' म्हणावे का?

प्रश्न: रेडिओ सर्किटांवरच्या लेखाचा अनुवाद करतो आहे. 'कॉम्पॅक्ट स्विचेबल मायक्रोवेव्ह फिल्टर'साठी 'लघु परिवर्तनीय सूक्ष्मतरंग गाळणी' लिहिले आहे. अर्थ पोचतो का?

प्रतिसाद १: 'परिवर्तनीय' नको. त्यात स्विचेबल आणि ट्यूनेबल दोन्ही येतात, आणि फिल्टर बनवणाऱ्याला नेमका तोच फरक हवा असतो. ट्यूनेबलमध्ये व्हॅरॅक्टर डायोडचे उलटे व्होल्टेज बदलत गेले की त्याची धारिता बदलते, पासबँड (फिल्टर जाऊ देतो तो वारंवारतांचा पट्टा) सलग सरकतो. स्विचेबलमध्ये स्विचसारखा वापरलेला पिन डायोड चालू तरी असतो नाहीतर बंद तरी. पासबँड ठरलेल्या जागांमध्येच उडी घेतो, किंवा पुरताच मिटतो. मी 'टप्प्यांनी बदलणारा' आणि 'सलग बदलणारा' लिहीन. लांबट आहे, पण वाचक फसणार नाही.

'स्विच्ड फिल्टर बँक' आणखी निराळी. तिथे बरेच फिल्टर शेजारीशेजारी असतात आणि दोन्ही टोकांच्या स्विचांनी त्यातला एक निवडतात. जागा फार जाते. स्विचेबलमध्ये बहुधा स्विच रेझोनेटरच्या, म्हणजे ठरावीक वारंवारतेला अनुनाद देणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, आतच बसतो. डायोड चालू केला की पट्टीला जादा तुकडा जोडला जातो, लांबी वाढते, वारंवारता उतरते. जागा वाचते खरी, पण चालू डायोडचा एखाद-दोन ओहमचा रोधही रेझोनेटरमध्ये शिरतो, क्यू (रेझोनेटर किती कमी ऊर्जा गमावतो त्याचे माप) घसरतो आणि पासबँडमध्येच सिग्नल क्षीण होतो. शिवाय डायोडला डीसी पुरवायची, आणि ती सिग्नलच्या वाटेत येऊ द्यायची नाही, म्हणून चोक (सिग्नल अडवणारी कॉइल) आणि कपॅसिटर आलेच.

गाळणीला हरकत नाही. मात्र पुढे बँडपास, लोपास अशी फिल्टरच्या प्रकारांची नावे येणार असतील तर 'फिल्टर'च ठेवा.

प्रश्नकर्ता: पटले. 'लघु' तरी राहू दे?

प्रतिसाद २: 'आटोपशीर' जास्त बरोबर. 2.4 गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी 125 मिमी, म्हणजे रेझोनेटरची अर्धतरंग पट्टी 62.5 मिमी. बोर्डाचा परिणामी परावैद्युतांक (बोर्डावर तरंग किती आखडतो ते ठरवणारा आकडा) 4 असेल तर ती सुमारे 31 मिमी होते. तिला यू आकारात दुमडली की हेअरपिन. एक टोक ग्राउंडला जोडले तर पाव तरंगात, साधारण 16 मिमीत भागते. कॉम्पॅक्टमध्ये ही सगळी खटपट अभिप्रेत आहे. उलट 10 गिगाहर्ट्झचा 15 मिमी लांबीचा फिल्टर डोळ्यांना लहान दिसेल, पण त्याच बोर्डावर तिथली पूर्ण तरंगलांबीच 15 मिमी आहे. तो लघु असेल, आटोपशीर नाही. म्हणूनच मापे मिलिमीटरबरोबर तरंगलांबीच्या पटीतही देतात. अनुवादात ती गाळू नका.