जोखमीचं बाळंतपण आणि सातव्या महिन्यात बदललेला डॉक्टर: अनुभव धागा

डोहाळजेवण झालं की माहेरी, ही आपली जुनी रीत. त्यामुळे सातव्या महिन्यात डॉक्टर बदलणं आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. पण वाढलेलं बीपी, साखर, जुळं, आधीचं सिझर, खाली सरकलेली वार, पिशवीच्या तोंडाला घातलेला टाका यातलं काही असेल, तर हा बदल साधा राहत नाही. कुणी रीत म्हणून बदलतं, कुणी डॉक्टरांशी पटत नाही म्हणून. कुणाला नर्सिंग होमनेच सांगितलेलं असतं, "आमच्याकडे बाळासाठी सोय नाही, मोठ्या ठिकाणी नाव घाला." हे सगळं रोज हाताळणाऱ्यांना इथे लिहायला बोलावलं आहे. विनंती एकच: स्वतःची कहाणी नको, कामाचं सांगा. आठवडे, मात्रा, कागद, आणि नेमकं कुठे चुकतं ते.

तालुक्याच्या गावातले प्रसूतितज्ज्ञ

आधी वेळेचं बोलू. २८ ते ३० आठवड्यांच्या आत आलात तर नव्या डॉक्टरला दोन-तीन तपासण्या मिळतात, तुमचं नेहमीचं बीपी किती, पोट किती वाढतंय हे त्याला स्वतःच्या हाताने कळतं. ३४ नंतर बरीच खाजगी रुग्णालयं नवीन नाव घ्यायला कां कूं करतात. तरीही आहे त्या ठिकाणी तुमचा त्रास झेपणारा नसेल तर ३६व्या आठवड्यातही बदला, फक्त तेव्हा या डॉक्टरने त्या डॉक्टरला फोन केलेला असावा आणि हातात चिठ्ठी असावी.

नव्या ठिकाणी नाव घातल्याशिवाय जुनं सोडू नका. बीपीच्या बाईचा मधला एक आठवडासुद्धा कुणाच्याच नजरेखाली नाही असं होऊ देऊ नये. १६०/११० दिसलं तर नव्या डॉक्टरच्या पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जवळचं रुग्णालय.

फाइलमधला सर्वांत मोलाचा कागद म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना काढलेली तारीख सगळ्यात भरवशाची. लोक नेमका तोच कागद घरी ठेवतात, "तो जुना आहे" म्हणून, आणि परवाचा रिपोर्ट घेऊन येतात. मग आम्ही पाळीवरून मोजतो. पाळी चाळीस दिवसांनी येणारी असेल तर हिशेब दहा-बारा दिवसांनी चुकतो, बाळ लहान दिसतं, "वाढ खुंटली" असा शिक्का बसतो आणि सिझर उगाच लवकर होतं. उलटंही होतं. शेवटच्या सोनोग्राफीवरून तारीख पुढे ढकलली तर खरोखर खुंटलेली वाढ झाकली जाते. पहिल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख नंतरच्या सोनोग्राफीने बदलायची नसते.

आधीचं सिझर असेल तर डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यावर "एलएससीएस" (पिशवीच्या खालच्या भागातून केलेलं सिझर) एवढंच असतं. मागायची ती ऑपरेशनची नोंद: पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, तो फाटून वाढला का, आतडं किंवा लघवीची पिशवी चिकटलेली होती का. उभा छेद असेल तर नॉर्मलची वाट बघायचीच नाही, आणि हे बाहेरून पोटावरच्या व्रणाकडे पाहून कळत नाही. कागद मागायला लाजू नका. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या, तोंडी मागणी विसरली जाते.

सोनोग्राफी करणारे

वरच्या मुद्द्याला जोडून. सोनोग्राफीची चित्रं बऱ्याच ठिकाणी थर्मल कागदावर छापलेली असतात. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, गाडीच्या डॅशबोर्डवर, उन्हात महिनाभर राहिली की ती कोरी होतात. आल्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढा, झेरॉक्स करा. टाइप केलेला रिपोर्ट आणि चित्रं दोन्ही हवीत.

जुळं असेल तर वार एक की दोन हे ११ ते १४ आठवड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. दोन बाळांमधला पडदा वारेला मिळतो तिथे त्रिकोणी जाड टोक दिसलं तर वार दोन, सरळ टी अक्षरासारखा मिळाला तर एक. सातव्या महिन्यात हे ठामपणे सांगणं अवघड. एकाच वारेवरची जुळी असतील तर १६ आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी तपासणी लागते, कारण एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ शकतं. ही एक ओळ फाइलमध्ये नसेल तर नवा डॉक्टर महिन्याने बोलावतो आणि नेमकं मधल्या काळात बिघडतं.

वार खाली असल्याचं विसाव्या आठवड्यात लिहिलेलं असेल तर घाबरू नका, बहुतेकींमध्ये पिशवी वाढताना वार वर सरकते. ३२च्या सुमारास परत बघायचं, आणि पोटावरून नव्हे तर योनिमार्गातून. त्याने त्रास वाढत नाही. वारेची कड पिशवीच्या तोंडापासून २० मिलिमीटरच्या आत असेल तर ती खालचीच. आधीचं सिझर आणि आता वार त्याच व्रणावर, हे दोन्ही जुळलं तर मात्र वार पिशवीत रुतलेली असू शकते. तिथे छोटं नर्सिंग होम नको. रक्तपेढी, मूत्रशल्यविशारद, अनुभवी हात असं सगळं एका छताखाली हवं.

आणखी एक. नव्या गावात सोनोग्राफीला येताना नव्या डॉक्टरची चिठ्ठी आणि ओळखपत्र आणा. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे प्रत्येक वेळी फॉर्म एफ भरावा लागतो, जुनी चिठ्ठी किंवा ओळखीचा फोन चालत नाही. त्यावरून काउंटरवर भांडू नका, त्या मुलीच्या हातात काही नसतं.

लेबर रूममधल्या सिस्टर

रात्री अकराला कळा घेऊन बाई येते, फाइल जाडजूड, पण इंजेक्शनांची नोंद नाही. आम्हाला हवं असतं ते असं.

बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइड दिलंय का? डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी, किंवा बीटामेथासोन १२ मिलिग्रॅमचे दोन डोस २४ तासांनी. दोनच झाले की चारही? तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. "मागच्या दवाखान्यात कमरेत सुया दिल्या" यावरून काहीच ठरवता येत नाही. साखर असलेल्या बाईला हे इंजेक्शन दिल्यावर दोन-तीन दिवस साखर चढते, तेवढ्यात गाव बदललं तर नवीन डॉक्टर उगाच इन्सुलिन वाढवून बसतात.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८व्या आठवड्याचं अँटी-डी (आईच्या रक्तात बाळाविरुद्ध प्रतिपिंडं होऊ नयेत म्हणून देतात ते), ३०० मायक्रोग्रॅम, झालं का? त्याच्या डबीवरचं लेबल फाइलला चिकटवा. का, तर हे इंजेक्शन घेतल्यावर काही आठवडे आयसीटी, म्हणजे ही प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी, पॉझिटिव्ह येऊ शकते. नोंद नसली की लॅबवाले आणि डॉक्टर दोघेही समजतात की आईच्या रक्तात बाळाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, आणि पुढे तपासण्यांची रांग लागते. नवऱ्याच्या रक्तगटाचा कागदही सोबत असू द्या.

झटक्यांच्या भीतीने प्राथमिक आरोग्य केंद्रातून मॅग्नेशियम देऊन पाठवलं असेल तर किती ग्रॅम, शिरेतून की दोन्ही कुल्ल्यांवर, किती वाजता, हे चिठ्ठीवर. ते नसलं तर पुढचा डोस द्यावा की थांबावं हा प्रश्न आमच्या डोक्यावर बसतो.

आणि टाका. पिशवीच्या तोंडाला टाका असलेल्या बाईने तो कुणी, कधी, कोणत्या पद्धतीने घातला हे लिहून आणावं. मॅकडोनाल्ड पद्धतीचा असेल तर गाठ हाताला लागते, ३६ ते ३७ आठवड्यांत बहुधा भूल न देता काढता येतो. शिरोडकरांचा टाका (हो, आपल्या मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांचा, १९५५चा) आवरणाखाली बुजवलेला असतो, काढताना भूल लागू शकते. धागा कोणता, गाठ किती वाजताच्या दिशेला आहे, असं घड्याळाच्या भाषेत लिहितात. गाव बदलताना हा टाका सगळे विसरतात, आणि टाक्यासकट कळा सुरू झाल्या तर पिशवीचं तोंड फाटू शकतं.

भूलतज्ज्ञ

थोडक्यात दोन गोष्टी. रक्त पातळ करायचं एनॉक्सापॅरिन चालू असेल तर शेवटची सुई किती वाजता घेतली हे नातेवाइकांपैकी एकाला तरी पाठ हवं. रोजच्या ४० मिलिग्रॅमच्या मात्रेनंतर पाठीत भूल द्यायला १२ तास थांबावं लागतं, उपचाराच्या मोठ्या मात्रेनंतर २४ तास. अ‍ॅस्पिरिनमुळे अडत नाही, ती ३६च्या सुमारास बंद करतात. दुसरं: लहान रुग्णालयात भूलतज्ज्ञ फोनवर येतो. "किती मिनिटांत येतात?" हा प्रश्न नाव घालतानाच विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही.

मधुमेह विभागातल्या आहारतज्ज्ञ

इन्सुलिनच्या कुपीतला फरक फार जणांना माहीत नाही. आपल्याकडे साध्या कुपीत मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनच्या काडतुसात १००. सुयाही दोन: लाल टोपीची ४०ची, केशरी टोपीची १००ची. पुण्यात पेन वापरणारी बाई माहेरी गेली, पेन बिघडलं, दुकानदाराने १००ची कुपी आणि लाल टोपीची सुई दिली. तिने सवयीने १०च्या खुणेपर्यंत भरलं की अंगात गेले २५ युनिट. साखर धाडकन खाली. उलट जोडीत, म्हणजे ४०ची कुपी आणि केशरी टोपी, १०च्या जागी ४च जातात आणि साखर का उतरत नाही हे कुणाला कळत नाही. फाइलवर नुसतं "१० युनिट" नको. इन्सुलिनचं नाव, ४० की १००, जेवणाआधी किती मिनिटं, एवढं लिहून घ्या.

साखरेची वही न्या, यंत्रही तेच न्या. उपाशीपोटी ९५च्या आत आणि जेवल्यावर दोन तासांनी १२०च्या आत, हे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी धरतात. माहेरचे लाडू-शिरा मात्र वहीत उतरत नाहीत, तेही लिहा.

ब्रिटनमधून भारतात बाळंतपणाला येणाऱ्यांसाठी

तिकडे साखर मिलीमोलमध्ये लिहितात. १८ने गुणा, म्हणजे ५.३ चे साधारण ९५. अँटी-डीचे १५०० आययू म्हणजे आपले ३०० मायक्रोग्रॅम. नोंदी बहुधा अ‍ॅपमध्ये असतात, निघण्याआधी पीडीएफ काढून छापा. इथल्या लेबर रूममध्ये तुमचं अ‍ॅप उघडून कुणी बसणार नाही.

आशा गटप्रवर्तक

खाजगी फाइल असली तरी माता-बाल संरक्षण कार्ड आणि आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदणीचा) माहेरच्या आशाताईला दाखवा. नवीन कार्ड काढू नका, दुबार नोंद झाली की योजनेचे पैसे अडकतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, जोखीम असेल तर कार्डावर लाल स्टिकर लागतो. तो स्टिकर दिसला की पुढे पाठवताना वेळ वाचतो.

२०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझरसकट प्रसूती, औषधं, रक्त, तपासण्या फुकट. एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेणारी गाडीही त्यातच येते. १०२ आणि १०८ दोन्ही नंबर भिंतीवर लिहा. वाडीवर रेंज नसेल तर कुठल्या घरातून फोन लागतो ते आधी बघून ठेवा.

नवजात शिशुतज्ज्ञ

"एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: किती आठवड्यांचं बाळ इथे ठेवता? व्हेंटिलेटर किती, रात्री डॉक्टर आत असतो की घरी? ३० आठवड्यांचं बाळ जन्मल्यावर अ‍ॅम्ब्युलन्समधून नेण्यापेक्षा ते पोटात असताना आईलाच मोठ्या ठिकाणी नेणं कितीतरी चांगलं. आईचं पोट ही सगळ्यात चांगली अ‍ॅम्ब्युलन्स, असं आमच्यात म्हणतात.

विमा डेस्कवरून

रुग्णालय बदलण्याआधी कार्डमागच्या नंबरवर फोन करून नवं रुग्णालय कॅशलेसच्या यादीत आहे का हे विचारा. कंपनीच्या गटविम्यात प्रसूतीची मर्यादा वेगळी असते, तीत नॉर्मल आणि सिझरचे आकडे वेगळे. खरा खड्डा बाळाच्या बिलात. बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का आणि नाव किती दिवसांत नोंदवायचं, हे लेखी ईमेलवर घ्या. जुन्या रुग्णालयाच्या पावत्या टाकू नका, काही पॉलिसींत प्रसूतीपूर्व खर्च मिळतो.

दोन जोखमीच्या बाळंतपणांत सोबत राहिलेली मावशी

जुन्या डॉक्टरांना तोंड कसं दाखवायचं, यातच निम्मा वेळ जातो. खरं सांगा: "डॉक्टर, बाळंतपण माहेरी करायचंय, तिकडच्यांसाठी एक चिठ्ठी द्याल का?" बहुतेक डॉक्टर देतात. पटत नाही म्हणून जात असाल तरी वाक्य हेच ठेवा. हिशेब बाकी असेल तर तो आधी मिटवा, फाइल तिथेच अडते.

नाव घातल्यावर एकदा रात्री दहानंतर नव्या रुग्णालयाच्या लँडलाइनवर फोन लावून बघा. कोण उचलतं, किती वेळात उचलतं, आणि "पाणी गेलंय, ३३ आठवडे झालेत" म्हटल्यावर पुढचा प्रश्न काय विचारतं ते ऐका. "सकाळी ओपीडीत या" असं उत्तर आलं तर दुसरं रुग्णालय शोधायला अजून वेळ आहे.