जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाताने २९व्या वर्षी फुटबॉल सोडले, ते योग्य होते का?

मध्यफळी: २००६ च्या विश्वचषकात ब्राझीलकडून जपान ४-१ असा हरला आणि त्यानंतर काही दिवसांतच नाकाताने निवृत्ती जाहीर केली. ज्या वयात मधल्या फळीतील खेळाडूची समज परिपक्व होते, त्याच वयात त्याने मैदान सोडल्यामुळे त्याची कारकीर्द अपुरी राहिली, असे माझे ठाम मत आहे. त्याच्याहून जेमतेम दीड वर्षाने लहान असलेल्या शुन्सुके नाकामुराने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्कॉटिश क्लब सेल्टिककडून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध फ्री किकवर अविस्मरणीय गोल केला आणि तो पुढे ४४व्या वर्षापर्यंत खेळत राहिला.

रोमप्रेमी: मी पूर्णपणे असहमत आहे. कारकीर्द वर्षांनी मोजायची असेल, तर ६ मे २००१ चा सामना कोणत्या मापाने मोजणार? इटालियन लीगच्या त्या सामन्यात तूरिनमध्ये युव्हेंटसविरुद्ध नाकाताचा क्लब रोमा ०-२ असा मागे असताना रोमाचा मुख्य खेळाडू तोत्ती याच्या जागी नाकाता उतरला. युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवरील मर्यादा नुकतीच उठली नसती, तर त्याला त्या दिवशी खेळताही आले नसते. त्याने लांबून मारलेला पहिला फटका थेट जाळ्यात गेला, आणि शेवटच्या क्षणी त्याचाच दुसरा फटका गोलरक्षकाने परतवल्यावर मोंतेल्लाने बरोबरी साधली. त्या मोसमात रोमाने ७५ गुणांसह लीगचे विजेतेपद मिळवले, तर युव्हेंटसचे ७३ गुण झाले. तो सामना रोमा हरला असता, तर बाकीचे निकाल तेच राहूनही युव्हेंटस ७५ विरुद्ध ७४ असा विजेता ठरला असता.

मध्यफळी: हा हिशेब मला मान्य आहे, परंतु त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. एवढी कुवत असलेला खेळाडू रोमात तोत्तीचा बदली म्हणून राहिला आणि नंतर पार्मा, बोलोन्या, फिओरेंतीना, बोल्टन असा फिरत राहिला. ज्या संघाची आखणीच त्याच्याभोवती झाली असती असा संघ तिशीनंतर त्याला मिळू शकला असता, आणि ती शक्यता त्याने स्वतःच संपवली.

कोफूकर: पार्माला या यादीत केवळ एक मुक्काम मानणे मला अन्यायाचे वाटते. २००२ च्या इटालियन चषकाच्या अंतिम फेरीतील पहिल्या लढतीत युव्हेंटसविरुद्ध २-१ अशा पराभवात त्याने अगदी अखेरीस केलेला गोलच निर्णायक ठरला, कारण परतीची लढत १-० अशी जिंकून पार्माने बाहेरच्या मैदानावरील गोलच्या नियमाने (एकूण गोल समान असल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ विजयी) चषक मिळवला.

रोमप्रेमी: शिवाय १९९८ मध्ये पेरूजाकडून पदार्पणातच युव्हेंटसविरुद्ध दोन गोल करून त्याने इटलीची आशियाई खेळाडूंकडे पाहण्याची दृष्टी बदलली होती. त्यासाठी आणखी पाच मोसम खेळण्याची गरज नव्हती.