‘ब्रेंट गूस’ला मराठीत काय म्हणावं? बदक, हंस की कादंब?

धानबांधी (गोंदिया)
सातवीच्या भिंतीवरच्या पक्षी-तक्त्यासाठी ‘ब्रेंट गूस’ला मराठी शब्द पाहिजे. ‘समुद्री बदक’ आणि ‘समुद्रहंस’ अशा दोन सूचना आल्या, दोन्ही मनाला पटत नाहीत. जाणकारांनी सांगावं.

कोशवाचक
‘बदक’ नकोच. ब्रेंट जेमतेम दीड किलोचा, मोठ्या बदकाएवढा, म्हणून गफलत होते. पण गूसचे पाय अंगाच्या मध्याजवळ असतात, त्यामुळं तो जमिनीवर गुरासारखा चरत फिरू शकतो. बदकाचे पाय मागं, ते डुलत चालतं. शिवाय बऱ्याच बदकांत नर रंगीत नि मादी मळकी. गूसमध्ये दोघांचा पिसारा सारखाच.

‘हंस’ची गोष्ट वेगळी. संस्कृत ‘हंस’, लॅटिन ‘आन्सेर’, जर्मन ‘गान्स’, इंग्रजी ‘गूस’ ही एकाच मुळाची लेकरं. व्युत्पत्तीनं पाहिलं तर गूस हाच खरा हंस. पण आज हंस म्हटलं की आपल्यासमोर चित्रातला लांब मानेचा पांढरा स्वान उभा राहतो. म्हणून ‘कादंब’ बरा. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात ‘कादम्बः कलहंसः स्यात्’ असं आहेच, म्हणजे कादंब हा हंसाचाच एक प्रकार.

तलावाची पाळ (भंडारा)
कादंबला माझंही मत. बार-हेडेड गूससाठी ‘पट्टकादंब’ हा शब्द रुळलेला आहे: पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखच्या सरोवरांकाठी वीण, हिवाळ्यात आपल्याकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव. दिवसा पाण्यात विसावतात आणि अंधार पडला की शेतात उतरतात. म्हणून सकाळी लाखोळीच्या बांधीत खुडलेले शेंडे आणि धुऱ्यालगत लांबट हिरवट विष्ठा दिसते, पक्षी दिसत नाही.

ब्रेंटचं ताट मात्र समुद्रात. किनाऱ्यालगतच्या चिखलात उगवणारं झोस्टेरा हे सागरी गवत त्याचं मुख्य खाणं. तो बुडी मारत नाही. ओहोटीला चिखलावर चरतो, नाहीतर उथळ पाण्यात शेपूट वर करून मान खाली घालतो. पाणी मानेच्या आवाक्याबाहेर गेलं की जेवण बंद. डोळ्यांवरच्या ग्रंथी जादा मीठ नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. १९३०च्या दशकात अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर रोगानं हे गवत मेलं आणि ब्रेंटची संख्या कोसळली. एकाच गवतावर पोट असलं की असं होतं.

धानबांधी (गोंदिया)
मग ‘समुद्रकादंब’ म्हणायला काय हरकत दादा?

कोशवाचक
दोन हरकती आहेत. ब्रेंटचा भाऊबंद बार्नॅकल गूसही हिवाळ्यात किनाऱ्यालगत असतो, तो कुठं बसवायचा? आणि ब्रेंटची वीण समुद्रात होत नाही, आर्क्टिक टुंड्रात जमिनीवर होते. तिथं लेमिंग उंदीर कमी झाले की कोल्हे अंड्यांकडं वळतात, आणि त्या वर्षी थव्यात पिल्लं दिसत नाहीत. पिल्लाच्या पंखावर पांढऱ्या आडव्या रेघा असतात, त्यावरून हिवाळ्यात मोजदाद करता येते.

अमरकोशातला ‘धार्तराष्ट्र’ही तपासला. काळ्या चोचीपायांचा हंस, वर्णन जवळ जातं. पण तो पांढरा, आणि वाचकाला कौरवच आठवणार. सोडून दिला.

तलावाची पाळ (भंडारा)
‘ब्रेंट’चा संबंध जळक्या लाकडाशी जोडतात. आपल्या ‘कोलीत’ शब्दासारखा. डोकं, मान, छाती कोळशासारखी काळी, मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरी कोर. ‘काळा कादंब’ म्हटलं तर बार्नॅकल, कॅनडा गूस असा सगळाच गट त्यात येतो. म्हणून ‘कोळशी कादंब’ सुचवतो.

कोशवाचक
मान्य. नवा घडवलेला शब्द आहे, म्हणून तक्त्यावर पहिल्यांदा मूळ नावासकट लिहा: ‘कोळशी कादंब, म्हणजे ब्रेंट गूस’. आणि खाली एक ओळ द्या की हा पक्षी भारतात येत नाही, नाहीतर पोरं नवेगावबांधच्या तलावावर त्याला शोधत बसतील.