शब्दचर्चा: 'गोएन्ऱ्यो कुदासाइ' म्हणजे 'शांतता राखा' का?

वेलांटी: जपानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांसाठी पुस्तिका होते आहे. तोक्योच्या गाड्यांत सतत कानावर पडणारं वाक्य असं: 'मानाऽ मोऽदो नि सेत्तेइ नो उए, त्सूवा वा गोएन्ऱ्यो कुदासाइ.' इंग्रजीवरून केलेल्या मसुद्यात त्याचं 'कृपया शांतता राखा' झालंय, ते खटकतं. 'एन्ऱ्यो'ला मराठीत नेमका शब्द कोणता? आणि माणसांनी ठासून भरलेला डबा शांत असतो, त्या शांततेला काय म्हणायचं?

कानामात्रा: आधी वाक्य सुटं करू. 'मानाऽ मोऽदो' म्हणजे फोनची घंटा बंद, बहुधा थरथर चालू. 'नि सेत्तेइ नो उए' म्हणजे 'तसं लावून, मग'. 'त्सूवा' म्हणजे फोनवरचं बोलणं. नुसत्या बोलण्याला 'हानाशी' म्हणतात आणि तो शब्द इथे नाही. शांततेला 'शिझुका', तोही नाही. म्हणजे 'शांतता' हा शब्द मूळ वाक्यात कुठेच नाही! शेजारच्याशी हळू आवाजात बोललं तर चालतं. 'शांतता राखा' वाचून चौघांचं कुटुंब अर्धा तास ओठ शिवून बसेल आणि फोन वाजला की मात्र 'अर्जंट आहे' म्हणून घेईल. नेमकं उलटं.

रफार: एक लेखनाचा मुद्दा. 'एन्र्यो' लिहू नका, र वर चढून रफार होतो आणि उच्चार बिघडतो. आपल्याकडे 'दऱ्या', 'वाऱ्या'तला चंद्रकोरीसारखा र आहेच, म्हणून 'एन्ऱ्यो', 'ऱ्योकान' (पारंपरिक जपानी अतिथीगृह). जपानीतला हा उच्चार दाखवायची सोय मराठीला आयती मिळाली आहे, ती सोडू नये.

कानामात्रा: मान्य. आता 'एन्ऱ्यो'. ('गो' आदराचा, 'कुदासाइ' म्हणजे 'कृपया करा'.) दोन चित्रलिपी अक्षरं आहेत, 'दूर' आणि 'विचार'. मूळ चिनी अर्थ दूरदृष्टी. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात 'दूरचा विचार नसेल तर जवळची काळजी नक्की' अशा आशयाचं वचन आहे, त्यात हीच जोडी येते. जपानीत ती हातचं राखून वागणं, मागे सरणं, स्वतःला आवरणं या अर्थाला आली. यजमानांनी दुसरा लाडू पुढे केला की आपण 'नको नको' म्हणतो, तेही एन्ऱ्योच. 'एन्ऱ्यो नाकु' म्हणजे 'संकोच न करता घ्या'.

उकार: मग शब्द समोरच आहे की: भीड. भिडस्त माणूस म्हणजे जपानीत 'एन्ऱ्योगाची'. हिंदीत भीड म्हणजे गर्दी आणि मराठीत भीड म्हणजे संकोच. जपानी डब्यात दोन्ही एकदम सापडतात.

रफार: गंमत छान, पण अर्थ पुरता बसत नाही. आपली भीड ओळखीच्या किंवा मोठ्या माणसाची असते. 'त्यांची भीड पडली म्हणून हो म्हटलं.' अनोळखी माणसापुढे आपली भीड चेपलेलीच असते, लोकलमध्ये तर विचारूच नका. शिवाय 'भीड भिकेची बहीण' म्हणून आपण तिला दोष मानतो. गाडीतला एन्ऱ्यो ज्यांचं नावही माहीत नाही त्यांच्यासाठी असतो. शब्दकोशात 'भीड' ठेवा, सूचनेत नको.

वेलांटी: सूचनेत 'फोनवर बोलणे टाळावे' चालेल?

कानामात्रा: जरा सैल वाटतं. 'टाळावे' म्हणजे जमलं तर टाळा. दुकानाच्या दारावर पाळीव प्राण्यांबद्दल 'गोएन्ऱ्यो कुदासाइ' लिहिलेलं असतं, तेव्हा त्याचा अर्थ सरळ 'आणू नका' असाच असतो. शब्द मऊ, अर्थ पक्का. रेल्वेच्या भाषेत साधारण तीन पायऱ्या दिसतात. रुळांकडे जाऊ नये म्हणून 'ताचिइरि किन्शी', म्हणजे प्रवेशास मनाई. दार मिटताना धावत घुसण्याला 'काकेकोमि जोऽश्या' म्हणतात, त्यासाठी 'किकेन देसु कारा, ओयामे कुदासाइ', म्हणजे धोका आहे, करू नका. आणि फोनला 'गोएन्ऱ्यो'. पुस्तिकेत तिन्हींना 'सक्त मनाई' लिहिलं तर ही उतरंडच पुसली जाईल.

रफार: मराठी पाट्यांचं '-ऊ नये' हे रूप इथे कामाला येतं. 'थुंकू नये' मध्ये कर्ता नाही, बोट कोणाकडेच नाही, तरी मोकळीकही नाही. म्हणून पहिल्याला 'मनाई आहे', दुसऱ्याला 'धावत चढू नका, धोका आहे', तिसऱ्याला 'फोनवर बोलू नये, ही विनंती'.

वेलांटी: घेते. पण कारण? घोषणेत कधी कधी 'मेइवाकु' ऐकू येतं.

कानामात्रा: 'होका नो ओक्याकुसामा नो गोमेइवाकु नि नारिमासु नोदे', म्हणजे इतर प्रवाशांना त्रास होतो म्हणून. 'मेइवाकु'तलं पहिलं अक्षर वाट चुकण्याचं, दुसरं गोंधळून जाण्याचं. चिनीत हा शब्द अजूनही 'संभ्रम' असाच आहे. जपानीत रोख बदलला आणि दुसऱ्याला होणारा उपद्रव असा अर्थ झाला. नको असलेल्या ईमेललाही 'मेइवाकु मेऽरु' म्हणतात. जाता जाता, दुसरं अक्षर 'वाकु' बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत 'क्लेश'साठीही वापरलं आहे. पण त्यावरून मेइवाकुला क्लेश म्हणू नका, तो क्लेश मनातला.

एक गोष्ट लक्षात घ्या. गाडी उशिरा आली तर रेल्वेही हाच शब्द स्वतःकडे घेऊन माफी मागते. आपल्याकडे प्रवाशाने केला तर तो 'त्रास', रेल्वेने केला तर 'गैरसोय'. जपानीत दोघांना एकच शब्द पुरतो.

उकार: आता माझ्या आवडीचं, शांततेचे शब्द. 'शुकशुकाट' बाद, त्याला माणसंच नकोत. 'सामसूम' रात्रीची. 'चिडीचूप' झालं म्हणजे मास्तर आले. 'मुकाट' मध्ये दटावणी आहे, 'मौन' मध्ये व्रत, 'अबोला' म्हणजे भांडण. 'निवांत' चांगला, पण छातीवर कोणाचं तरी कोपर असताना कोण निवांत असतो?

रफार: यादी पाहून कळतं की आपली शांतता एकतर माणसं नसल्याची, नाहीतर कोणाच्या धाकाची.

कानामात्रा: तिथे गर्दी मोजण्याचं माप आहे, 'कोन्झात्सु-रित्सु'. 100 टक्के म्हणजे प्रत्येकाला आसन, कडी किंवा खांब. 150 ला वर्तमानपत्र उघडून वाचता येतं, 180 ला घडी घालून. 200 ला अंगं दाबली जातात, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. 250 ला हातही हलत नाही. 2019 च्या आर्थिक वर्षात तोक्यो मेट्रोच्या तोझाइ मार्गावर किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळच्या गर्दीत हे माप 199 होतं. ज्या निशि-कासाइत बरीच भारतीय कुटुंबं राहतात ते स्थानकही याच मार्गावर आहे. पट्टीच वाचनाची असल्यामुळे मला ही शांतता वाचनालयाच्या जातीची वाटते. एकच शब्द नको, 'भरल्या डब्यातली शांतता' एवढं पुरे.

उकार: शब्द न सापडल्याची कबुली! चालेल. पण शांततेचा 'आवाज' जपानीत आहे: 'शीऽन'. चित्रकथांत रिकाम्या चौकटीत लिहितात. आपल्याकडे तसं अनुकरणवाचक काही नाही.

वेलांटी: 'यूसेन्सेकि'ला 'आरक्षित आसन' लिहिलंय. बरोबर?

कानामात्रा: नाही, आणि ही चूक महागात पडेल. आरक्षित म्हणजे 'शितेइसेकि', शिन्कान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) जादा पैसे भरून मिळतं ते. 'यूसेन' म्हणजे अग्रक्रम. त्या आसनावर कोणीही बसू शकतो. वृद्ध, गरोदर, अपंग किंवा तान्हं मूल घेतलेला प्रवासी आला की उठायचं. 'प्राधान्य आसन' लिहा. याचं जुनं नाव 'शिरुबाऽ शीऽतो', म्हणजे चंदेरी आसन. ते 15 सप्टेंबर 1973 ला राष्ट्रीय रेल्वेच्या चूओ मार्गावर आलं. शिन्कान्सेनच्या आसनांचं रुपेरी-राखाडी कापड हाताशी होतं, तेच वापरलं. पुढे 'शिरुबाऽ' हा शब्दच ज्येष्ठांसाठी रूढ झाला. म्हणजे पांढऱ्या केसांवरून नव्हे, उरलेल्या कापडावरून!

या आसनांजवळची फोनची सूचनाही जुनी छापू नका. पूर्वी तिथे फोन कायम बंद ठेवायला सांगत, पेसमेकरच्या काळजीने. जुनी टूजी सेवा 2012 मध्ये बंद झाल्यावर सरकारी मार्गदर्शनातलं सुरक्षित अंतर 22 सेंटिमीटरवरून 15 वर आलं. 1 ऑक्टोबर 2015 पासून पूर्व जपानातल्या रेल्वे कंपन्यांनी 'गर्दीच्या वेळी बंद करा' एवढंच ठेवलं.

वेलांटी: फोन आलाच तर काय करायचं, तेही लिहायचंय.

कानामात्रा: तोंडावर हात धरून 'इमा देन्श्या नानोदे' (आत्ता गाडीत आहे) म्हणायचं, फोन ठेवायचा, पुढच्या स्थानकावर उतरून उलट फोन करायचा. शिन्कान्सेनमध्ये उतरायची गरज नाही, डब्याच्या टोकाला दारापाशी 'देक्की' असतो, तिथे जाऊन बोलायचं. मानाऽ मोऽदोबद्दल दोन तळटीपा हव्यात. बऱ्याच फोनमध्ये घंटा बंद असली तरी गजर वाजतो. आणि जपानमध्ये विकलेल्या बहुतेक फोनवर कॅमेऱ्याचा 'कचाक' आवाज बंद होत नाही.

रफार: 'ओतोमोरे' राहिलं. ओतो म्हणजे आवाज, मोरे म्हणजे गळती. इअरफोनमधून बाहेर येणारं संगीत. 'आवाजगळती' केलं तर नळ आठवतो. 'आवाज झिरपणे' बरं.

उकार: त्यालाही जपानी नाद-शब्द आहे, 'श्याका-श्याका'. बाहेर येतो तो झांजेचा बारीक आवाज, ढोल आतच राहतो. मराठीत 'चिकचिक' म्हटलं तर घाम वाटतो, 'खुसखुस' हसण्याची, 'कुरकुर' तक्रारीची.

रफार: 'छिसछिस'?

उकार: ती फोडणी.