मांडवी नदीतले कॅसिनो: ज्यांना आत प्रवेश, त्यांना मत नाही, ज्यांना मत, त्यांना प्रवेश नाही

बांदा नाका
काल या फोरमवरच्या पर्यटनाच्या धाग्यावर 'पाटो पूल' या सभासदांनी लिहिलं होतं, "कॅसिनो हा शिळा विषय झाला. गोंयकारांना प्रवेशबंदी आहे, सरकारला महसूल मिळतो. नुकसान नेमकं कोणाचं होतंय ते कोणीतरी सांगावं." दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

नुकसान माझ्या मावशीचं झालं. २०२३ च्या मे महिन्यात मावसभाऊ काजूच्या बियांचे एक लाख चाळीस हजार घेऊन घरातून निघाला. दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला, "दादा, पणजीच्या स्टँडवर आहे, तिकिटाला पैसे नाहीत." मी गेलो तर कदंब बसच्या स्टँडवर बाकावर बसलेला, मनगटावर कॅसिनोचा कागदी पट्टा तसाच. त्याचे हात इतके थरथरत होते की पट्टा निघेना. शेवटी मीच मोटारसायकलच्या किल्लीने तोडला. घरी आल्यावर कळलं, मावशीच्या पाटल्या शिमग्याआधीच गहाण गेल्या होत्या.

आता कॅसिनो हटवायच्या वचनाचं. १९९६ मध्ये गोव्याच्या जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती करून जहाजांवर पत्त्यांचे टेबल लावायची वाट मोकळी केली. विरोधात असताना भाजपच्या मनोहर पर्रीकरांनी याविरुद्ध रान उठवलं होतं, मांडवी मोकळी करू म्हणाले होते. २०१२ मध्ये सत्ता आली, बोटी जिथल्या तिथे. मग मुख्यमंत्री झाले पार्सेकर, परत पर्रीकर, मग सावंत. २०१९ च्या पणजी पोटनिवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार बाबूश मोन्सेरात यांनी शंभर दिवसांत कॅसिनो हटवायचा शब्द दिला. मे महिन्यात ते निवडून आले आणि जुलैत काँग्रेसच्या दहा आमदारांत भाजपमध्ये गेले.

वचन मोडलं म्हणतात तेव्हा ते एकदाच मोडल्यासारखं वाटतं. इथे बोटींना मांडवीत राहायला वर्षानुवर्षं सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ दिली गेली. दर वेळी फाइल वर गेली, दर वेळी सही झाली. त्या प्रत्येक सहीचा जाब विचारायला हवा होता, आणि विचारणार कोण? ज्या गोंयकाराला मत आहे त्याला आत सोडत नाहीत. आत जातो तो सीमेपलीकडचा, आमच्या बांद्याचा, कुडाळचा, बेळगावचा, आणि त्याला गोव्यात मत नाही.

पाटो पूल
माझंच वाक्य घेऊन धागा काढलात तर माझंही ऐका. मी नऊ वर्षं टेबलावर पत्ते वाटतोय. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या म्हणून कर्ज काढून टायर बदलले, तर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या. ट्रक दारात गंजले. तेव्हा कोणत्या पुढाऱ्याला कोणी जाब विचारला? या नोकरीवर बहिणीचं लग्न झालं, आईचं डायलिसिस चालू आहे. बोटी हलवा म्हणणं सोपं आहे. आम्ही कुठे हलायचं ते एकाही मोर्चात कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

आणि तुमच्या भावाला बांद्याहून उचलून कोणी आणलं नव्हतं. घरचा मुलगा पाटल्या गहाण टाकतो ते घरात कळत नाही, आणि दोष गोव्याला?

दोडामार्ग
गोव्याला दोष द्यायचाच. २०१८ च्या सुरुवातीला बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात) गोव्याबाहेरच्या पेशंटांना फी लावली ती आम्ही विसरलेलो नाही. माझ्या वडिलांना छातीत कळ आली तेव्हा खिडकीवर पहिला प्रश्न, "आधार कुठलं?" आजारी सिंधुदुर्गकर आला तर तो परका, खिशात पैसे घेऊन आला तर "या, बसा". आम्ही आंदोलन केलं ते काय उगाच?

साखळीकर
जीएमसी गोव्याच्या करदात्याच्या पैशांवर चालते. तुमच्या जिल्ह्यात इतक्या वर्षांत धड हॉस्पिटल उभं राहिलं नाही, त्याचा जाब मुंबईला विचारा. आमच्या आजीला खाटेसाठी दोन रात्री व्हरांड्यात काढाव्या लागल्या, कारण वॉर्ड भरलेला.

दोडामार्ग
म्हणजे खाटांचा हिशोब माणसाच्या पत्त्यावरून करायचा. मग कॅसिनोच्या महसुलाचाही करा ना! त्यातला किती पैसा आमच्या तालुक्यांतून येतो? तेवढ्या खाटा आम्हाला द्या.

साखळीकर
मासळी, भाजी, दूध विकायला रोज गोव्यात येता तेव्हा हा हिशोब कुठे असतो? तुमची अर्धी तरुण पोरं म्हापशाच्या, वेर्ण्याच्या कारखान्यांत पोट भरतात.

दोडामार्ग
पोट भरत नाहीत, काम करतात. शब्द जपून वापरा.

बांदा नाका
दोघेही थांबा. जीएमसीचा वेगळा धागा काढा, मी तिथेही लिहीन, माझंही त्यात दुखणं आहे. पण दोडामार्ग म्हणतात त्यातली एक गोष्ट इथलीच आहे. कॅसिनोत बुडालेल्या माणसाला उपचार हवे असतील तर तो कुठे जाणार? भावाला झोप येत नव्हती, तेव्हा आम्ही सावंतवाडी, ओरोस, शेवटी कोल्हापूरला मानसोपचार तज्ज्ञाकडे गेलो. पैसे मांडवीत गेले आणि औषधाचा खर्च आमच्या घरात आला.

कसबा पेठ
सहा बोटींवरून एवढं भांडण? माझ्या भाच्याने पुण्यात खोलीत बसून मोबाइलवर फी भरायचे पैसे रमीत घालवले. त्याला मांडवी कुठे आहे हेही माहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. पण त्याआधीची वर्षं? क्रिकेटच्या प्रत्येक षटकानंतर जाहिरात यायची आणि खाली भरभर वाचून टाकलेला इशारा. त्याच वर्षी, कायद्याच्या आधीच्या जुलैत, आमच्या राज्याचे कृषिमंत्री विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसल्याचा व्हिडिओ आला. जाहिरात बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. कृषी खातं गेलं, क्रीडा खातं मिळालं. शेतकऱ्याच्या घरात त्या वेळी काय चाललं होतं, ते मी सांगायला नको.

मिरामार
कसबा पेठ, म्हणूनच बोटींचं महत्त्व कमी होत नाही. मनात आलं तर सरकार दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून कायदा नेऊ शकतं, हे त्या ऑगस्टने दाखवून दिलं. मग मांडवीला इतकी वर्षं का लागतात?

गोंयकारांच्या प्रवेशबंदीचंही खरं बघा. कायद्यात दुरुस्ती २०१२ ची, लागू झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. मधली वर्षं ती कपाटात पडून. २०१७ च्या पावसाळ्यात लकी सेव्हन हे कॅसिनोचं जहाज आमच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलं होतं. रोज संध्याकाळी लोक बघायला यायचे, मीही मुलीला घेऊन जायचो. एवढं अवाढव्य धूड डोळ्यांसमोर उभं असताना तरी कोणी विचारेल असं वाटलं होतं.

साखळीकर
महाराष्ट्राने काय वेगळं केलं? तुमचा कॅसिनो कायदा १९७६ चा, कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. ४७ वर्षं कागद सांभाळला.

मिरामार
मी पणजीचा आहे, महाराष्ट्राची वकिली करत नाही. पण त्यांनी रद्द करून दार लावलं. आपण पेडणे तालुक्यातल्या धारगळकडे दुसरं दार उघडायला निघालोय. तिथे कॅसिनोसकट रिसॉर्ट येणार म्हणून गावकरी विरोधात उभे राहिले. मांडवी मोकळी करायची म्हणजे पेडण्यात नेऊन ठेवायची, असा अर्थ होत असेल तर बांद्याला अजून जवळ पडेल.

बांदा नाका
हेच! अर्धा तासही लागणार नाही. भावाला आता पणजीपर्यंत जाववत नाही, धारगळला तो चालतसुद्धा जाईल, ही माझी भीती आहे.

पाटो पूल
रात्रपाळी करून आलोय, सगळं वाचलं. बोटी बंद करा याला माझा विरोध कायम आहे आणि राहणार. पण काल 'नुकसान कोणाचं' असं मी विचारायला नको होतं. मला माहीत होतं. मे महिन्यात टेबलावर बोटं ओळखू येतात, काजूच्या चिकाने काळवंडलेली, सालपटं निघालेली. ती पोरं खेळणाऱ्यांसारखी बसत नाहीत, खुर्चीच्या कडेला बसतात. आम्हाला पत्ते वाटायला शिकवतात. "बस झालं, घरी जा" म्हणायचा अधिकार कोणाला देत नाहीत. एकदा एकाला हळूच म्हणालो, तर त्याच आठवड्यात माझी पाळी बदलली.

बांदा नाका
तुमच्यावर चिडून लिहायला बसलो होतो. येत्या मुदतवाढीआधी पणजीच्या आणि पेडण्याच्या आमदारांना पत्र पाठवतोय. मत नसलं तरी पाठवतोय. मागणी दोन: मुदतवाढीवर विधानसभेत नावानिशी मतदान व्हावं, आणि खेळ थांबवायचा अधिकार टेबलावरच्या माणसाला कायद्याने मिळावा, नोकरीच्या संरक्षणासकट. तुमचं वरचं लिहिणं त्यात घालू का? नाव येणार नाही.

पाटो पूल
घाला. पण नोकरीची ओळ आधी घाला, खाली नको.

दोडामार्ग
आणि जीएमसीची?

बांदा नाका
तिसरी मागणी म्हणून घालतो. साखळीकर चिडणार आहेत, चिडू देत.