झोपेच्या गोळीऐवजी नैसर्गिक पर्याय: नेमकं काय, किती आणि कधी?

रानजाई:
जुनाट निद्रानाशाबद्दल नेमकी माहिती हवी आहे. आठ महिने, आठवड्यातल्या पाच रात्री एकच चित्र: ११ ला अंथरुणावर, दीडपर्यंत टक्क जागं, साडेचारला पुन्हा जाग, सव्वापाचला परत डोळा लागतो आणि ७ ला उठणं. उरलेल्या दोन रात्री साडेसहा तास बरी झोप. डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळी चालू आहे, कधी अर्धी, कधी पूर्ण. ती सोडायची म्हणून दहा दिवसांपासून मेलाटोनिन ५ मि.ग्रॅ., व्हॅलेरियन (एका वनस्पतीच्या मुळीचा अर्क) आणि मॅग्नेशियम, तिन्ही झोपताना एकत्र. फरक शून्य. मात्रा चुकते आहे की वेळ? यातलं खरंच उपयोगी कोणतं? आणि गोळी थांबवून फक्त यांवर राहता येईल का?

शांतसमई:
आधी तातडीचं. झोपेची गोळी आणि व्हॅलेरियन एकाच रात्री घेऊ नका. दोन्ही मेंदूला गुंगी आणतात, परिणाम एकावर एक चढतो आणि रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊ शकतो. व्हॅलेरियन आजच थांबवा.

आता मेलाटोनिन. ते गुंगीचं औषध नाही, "रात्र झाली" असा शरीराला दिलेला निरोप आहे. शरीर स्वतः हा निरोप नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी पाठवायला लागतं. म्हणून ऐन झोपताना घेतलेली गोळी उशिरा पोचते. इथे खरी झोप दीडला लागते आहे, म्हणजे अंतर्गत घड्याळच पुढे सरकलेलं असण्याची शक्यता आहे. ते मागे आणायचं तर ०.५ मि.ग्रॅ., फार तर १ मि.ग्रॅ., रात्री साडेनऊच्या सुमारास, म्हणजे झोप खरोखर लागते त्याच्या चार तास आधी. त्यानंतर घरातले मोठे दिवे बंद. प्रखर उजेडात बसलात तर डोळे मेंदूला नेमका उलटा निरोप देतात. सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास बाहेरच्या उजेडात जाणं हा याचाच दुसरा अर्धा भाग आहे, तो गाळला तर गोळीचं काम निम्मं राहतं.

मात्रा वाढवून सहसा फार काही मिळत नाही. जास्त मात्रेनं सकाळी डोकं जड होतं. साधं मेलाटोनिन रक्तातून दर तासाला जवळजवळ निम्मं होत जातं, त्यामुळे साडेचारला जाग येते त्यावर ते चालणारही नाही. हळूहळू सुटणारी २ मि.ग्रॅ.ची गोळी युरोपात ५५ वर्षांवरच्यांसाठी मान्य आहे: जेवणानंतर, झोपण्याच्या एक-दोन तास आधी, जास्तीत जास्त १३ आठवडे. ती अर्धी तोडू किंवा चावू नये, हळूहळू सुटण्याची रचनाच मोडते.

आणखी एक अडचण बाटलीतच असते. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनची २५ चघळायची उत्पादनं तपासली, त्यांतल्या २२ मध्ये लेबलवरचा आकडा चुकीचा निघाला. स्वतंत्र तपासणीचा शिक्का असलेलं आणि एकच घटक असलेलं उत्पादन घ्या. रक्त पातळ करणारं औषध किंवा फ्लुव्होक्सामिन (नैराश्यावरचं एक औषध) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेलाटोनिन नको. फ्लुव्होक्सामिनमुळे त्याची रक्तातली पातळी अनेक पटींनी चढते.

मध्यरात्र:
मॅग्नेशियमवर थोडं. लेबलवर "मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ." लिहिलेलं असतं तेव्हा त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम जेमतेम १४० मि.ग्रॅ. असतं. मोजायचं ते हे. ऑक्साइडमध्ये आकडा मोठा दिसतो, पण ते कमी शोषलं जातं आणि पोट सैल करतं. पूरक गोळ्यांतून रोज ३५० मि.ग्रॅ.च्या वर जाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर अजिबात नको, मॅग्नेशियम साठत जातं. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, काही अँटिबायोटिकही ते पोटातच अडवून धरतं. खरा फायदा आहारात कमतरता असलेल्यांनाच होण्याची शक्यता जास्त, बाकीच्यांनी फार आशा ठेवू नये.

अश्वगंधा कुणीतरी सुचवेलच. अर्क ३०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, सहा-आठ आठवडे, अशा छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइडचा त्रास असेल किंवा गरोदरपण असेल तर टाळा. कावा ही गुंगी आणणारी मुळी तर यकृतासाठी त्याहून धोक्याची, तिच्या वाटेला जाऊच नका. कॅमोमाइलचा काढा बहुतेकांना निरुपद्रवी आहे, परिणामही तितकाच सौम्य.

तीन गोष्टी एकदम सुरू केल्या की कशाचा उपयोग झाला आणि कशानं त्रास झाला, काहीच कळत नाही. एका वेळी एक, किमान दोन आठवडे, रोज नोंद.

घड्याळजी:
वरचं सगळं बरोबर आहे, तरी गाडी मुख्य रस्त्यावर आणायला हवी. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१७ च्या सूचनांमध्ये जुनाट निद्रानाशासाठी मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन दोन्ही वापरू नयेत असाच सल्ला आहे, पुरावा कमकुवत असल्याची कबुली देऊन. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये पहिला उपचार म्हणून सांगितला तो वर्तनोपचार, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलणं. त्याचा कणा म्हणजे अंथरुणातला वेळ कमी करणं. नैसर्गिक म्हणायचं तर याहून नैसर्गिक काही नाही, कारण इथे शरीराची स्वतःची झोपेची भूकच वापरली जाते.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. पाच रात्री पावणेपाच तास, दोन रात्री साडेसहा: आठवड्याची बेरीज पावणेसदतीस तास, सरासरी सव्वापाच. अंथरुणात मात्र रोज आठ तास. म्हणजे जवळजवळ पावणेतीन तास मेंदू रोज शिकतो आहे की अंथरूण ही जागं राहण्याची जागा आहे. आधी एक आठवडा नोंदवहीत रोज सकाळी अंदाजानं लिहा (रात्री घड्याळ बघून नाही). सरासरी हीच निघाली तर अंथरुणातली वेळ साडेपाच तास ठरवा. साडेपाचच्या खाली जायचं नाही. उठणं ७ ला पक्कं, म्हणून अंथरुणावर दीडला. हो, दीडला. त्याआधी सोफ्यावर डुलकी लागली तर सगळा हिशोब वाया जातो, म्हणून शेवटचा तास बसून हाताला काम लावा.

दर आठवड्याला झोपेचा वेळ भागिले अंथरुणातला वेळ, गुणिले १०० करा. ८५ टक्के किंवा जास्त आलं (साडेपाच तासांत सुमारे ४ तास ४० मिनिटं) तर झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणा. ८० ते ८५ मध्ये असेल तर तशीच ठेवा. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग वाढते. योजना बरोबर चालल्याचं ते लक्षण आहे, पण बरेच जण इथेच सोडतात, किंवा सुट्टीच्या दिवशी ९ पर्यंत झोपून आठवडाभराची कमाई घालवतात. या काळात गाडी चालवणं टाळा. द्विध्रुवीय विकार (बायपोलर), अपस्मार किंवा झोपेत चालण्याची सवय असेल, यंत्रांवर काम असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे करू नये.

वीसेक मिनिटं झोप आली नाही असं *वाटलं* की उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करायचं. डोळे मिटायला लागले की परत. साडेचारला जाग आली तरी हाच नियम.

रानजाई:
हे समजलं. मग गोळीचं काय? आणि दुपारी ४ ची कॉफी बंदच करायची का?

शांतसमई:
गोळी एकदम बंद करू नका, ती कोणत्याही गटातली असो. बेन्झोडायझेपिन (शामक गोळ्यांचा एक गट) गटातली असेल तर एकदम तोडल्यानं आकडीचे झटके येऊ शकतात. "कधी अर्धी, कधी पूर्ण" हेही थांबवा. त्यानं शरीर रोज थोडं थोडं ओढाताणीत राहतं. डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेली मात्रा रोज ठरल्या वेळी, आणि घड्याळजींची योजना आधी रुळू द्या. मग डॉक्टरांबरोबर उतार ठरवा. बेन्झोडायझेपिनसाठी साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि कोणत्याही दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कपात नाही. मात्रा कमी केल्यावर काही रात्री निद्रानाश उलटून येतो, म्हणजे झोप आधीपेक्षा वाईट लागते. "गोळीशिवाय मला झोपच नाही" असा निष्कर्ष लोक याच रात्रींवरून काढतात.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन गोष्टी आवर्जून सांगा. मोठं घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं आहे का? आणि संध्याकाळी बसल्या बसल्या पाय हलवावेसे वाटतात का? पहिलं असेल तर झोपेची गोळी आणि गुंगीच्या वनस्पती दोन्ही धोक्याच्या. दुसरं असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासा, ७५ च्या खाली असेल तर लोह द्यावं लागू शकतं. सर्दीच्या गोळीतलं डायफेनहायड्रामिन झोपेसाठी घेतलं तर पायांची ही तगमग वाढते.

मध्यरात्र:
कॉफीबद्दल: कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मि.ग्रॅ. कॅफिननंही तासाहून अधिक झोप कमी झाली. दुपारी १२ नंतर नको. अचानक पूर्ण तोडली तर डोकं दुखतं, म्हणून आठवडाभर प्रमाण कमी करत जा.

गरम पाण्याची अंघोळ मात्र यादीत घाला: ४० ते ४२ अंश सेल्सियस, दहा मिनिटं, अंथरुणावर जायच्या एक ते दोन तास आधी. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते, आतलं तापमान उतरतं आणि झोप थोडी लवकर लागते. ऐन झोपण्याआधी केली तर शरीर अजून तापलेलंच असतं. तुमची वेळ सध्या दीडची, म्हणजे अंघोळ बाराच्या सुमारास. झोपायची वेळ अलीकडे येईल तशी तीही १५-१५ मिनिटांनी अलीकडे.